एका परळात

३ फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची. रायापूरला बसमधून उतरले तेव्हा दहा वाजले होते. हातात पिशवी, काखेत वळकटी, आणि ऊन इतकं स्वच्छ की हुबळीचा धूर डोक्यातून निघून गेला. घर मोठ्या रस्त्यापासून आत, ओळीतलं शेवटचं. पुढं चार आंबे, मोहोर आलेला. मला वेगळी खोली, खोलीला खिडकी आणि दाराला आतून कडी. आतून कडी असलेली स्वतःची खोली बावन्न वर्षांत पहिल्यांदा मिळाली. तीनदा लावून बघितली.

घर अंबूताईंचं. शाळेत सायन्स शिकवायच्या, आता रिटायर, एकट्या. त्यांचे भाऊ शेषगिरी सहा वर्षांमागं वारले. त्यांनी हौसेनं जमवलेले निवडुंग मागं राहिले. ते सांभाळायला आणि दोन वेळचं रांधायला घरातच राहणारी बाई पाहिजे होती. ती मी, इंदुमती.

मला वाटलं होतं निवडुंग म्हणजे कुंपणाचे, पुरुषभर उंच. हे तसले नाहीत. लिंबाएवढे गोळे, फार तर कवठाएवढे, अंगावर पांढरे काटे आणि मधूनमधून कापूस लावल्यासारखी लव. मागच्या अंगणात हिरव्या जाळीखाली फळ्यांवर मांडलेत. दीडशे तरी असतील. मी म्हणलं, हे सगळे सारखेच की. अंबूताई हसल्या. म्हणाल्या, दिसतात सारखे.

ही डायरी त्यांनीच दिली. रोज कुठल्या परळाला पाणी घातलं ते लिहायचं, आणि वर मनात येईल ते पण लिही म्हणाल्या, मन मोकळं होतं. मी चौथी पास, ती पण मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून. पण मन तुंबलंय माझं मोरीसारखं. लिहिते.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम शिकले. पाणी वरून ओतायचं नाही. परळ, म्हणजे ते पसरट मातीचं भांडं, घमेल्यातल्या पाण्यात टेकवायचं आणि खालून पिऊ द्यायचं. मग आठ दिवस ढुंकून बघायचं नाही. माया जास्त झाली की कुजतात. माझ्या लेकीला, वैशालीला, मी असंच वाढवायला पाहिजे होतं.

शेषगिरी एकेका झाडाला वेगळी कुंडी द्यायचे म्हणे. अंबूताईंची रीत उलटी. जे एकमेकांसारखे दिसतात तसले पाच निवडायचे आणि एका परळात लावायचे. मी विचारलं, मग ओळखायचे कसे? म्हणाल्या, फुलल्यावर. एकाला गुलाबी येतं, एकाला पिवळट. एरवी मोठमोठे जाणकार फसतात. आणि एका वाळूत, एका पाण्यावर राहिले की दिवसागणिक आणखीच सारखे होतात.

म्हणून प्रत्येकाशेजारी एक काडी. आईस्क्रीमची असते तसली चपटी, तिच्यावर पेन्सिलीनं नाव. शाई उन्हानं उडते, पेन्सिल राहते. नावं सगळी इंग्रजीत, मला एक वाचता येत नाही. फक्त दारासमोरच्या परळात एका काडीवर मराठीत 'अंबूताई' लिहिलंय. या घरात राहणाऱ्याच्या नावाचं एक झाड असतं, म्हणाल्या. मग एक कोरी काडी दिली. मी 'इंदुमती' लिहिलं आणि त्यांनी दाखवलेल्या झाडाशेजारी रोवलं. माझं गुलाबी फुलणार, त्यांचं पिवळट. मार्च संपता संपता.

खरं सांगू तर बरं वाटलं. माहेरी मी गंगू. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं इंदुमती लिहिलं, मला कोणी विचारलं नाही. डब्यात तूरडाळीच्या जागी रवा भरला तर चिठ्ठी बदलतात. माझ्यात डाळ तीच राहिली, चिठ्ठी तेवढी बदलली. इथं निदान चिठ्ठी माझ्या हातानं लागली.

९ फेब्रुवारी, रविवार

वैशालीचा फोन. माझी एकुलती एक. हुबळीत असते, जावई अनिकेत तारिहाळला कारखान्यात आहेत. डिसेंबरात तिच्याकडं पाहुणे आले तेव्हा मला म्हणाली, आई, तू जरा आत बस. मी आत बसले नाही. पाहुण्यांसमोर बसून सांगितलं की पोळ्या मी केल्यात, वाहवा हिची चाललीय. त्यावरून जे झालं ते झालं. मी पिशवी भरली. तिनं अडवलं नाही.

आता म्हणते, पाडव्याला येते, तुला घेऊन जाते. चुकलं माझं, एवढे दोन शब्द नाहीत. ते ऐकल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. तोंडानं म्हणलं, बघू. फोन ठेवल्यावर पाडवा कुठल्या वारी येतोय ते बघितलं. रविवार.

अंबूताईंनी विचारलं, हाताला काय झालं. माझी डावी करंगळी आकड्यासारखी वाकडी आहे. दुकानाचं शटर पडलं होतं तिच्यावर. वैशाली लहानपणी बाजारात माझा हात धरायची नाही, ही करंगळी धरायची. गर्दीत हात कोणाचाही लागेल, म्हणायची, ही फक्त आईची.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कोपऱ्यावर विठ्ठलरावांचं किराणा दुकान. माणूस बोलका. माझ्याआधी इथं सुमन म्हणून बाई होती, ती त्यांच्या फार ओळखीची. दुकानात आली की अर्धा तास हलायची नाही, कानडी-मराठी दोन्हीत सगळ्यांच्या नकला करायची. मिश्री लागायची तिला, आठवड्याला एक पुडी. दसऱ्याला तिचा भाऊ श्रीहरी मिरजेहून आला आणि घेऊन गेला. जाताना विठ्ठलरावांनी हात केला तर अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघितलं आणि रिक्षात बसली. तीन वर्षं या दुकानातून मिश्री नेली आणि हे. त्यांना अजून लागलंय. मी म्हणलं, बायकांना पण घाई असते हो कधी.

घरी येऊन यादी बघितली. शेवटी अंबूताईंनी लिहिलं होतं, मिश्री एक पुडी. मास्तरीण आणि मिश्री. असो, दात त्यांचे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डायरीत लाल रेघा. अंबूताई वाचतात. खाली बारीक अक्षरात शेरा, 'आणखी लिही'. मला राग यायला पाहिजे होता. नाही आला. आमचे हे दुकानाच्या पाटीपलीकडं काही वाचायचे नाहीत. वैशालीला मी एकदा चिठ्ठी लिहिली होती, ती तिनं शुद्धलेखन सुधारून परत दिली. माझं लिहिलेलं कोणी वाचतंय, हेच नवीन.

मग लिहिलं. मी तिला वैशे म्हणते. भरतात कांदा घातला तर ताट सरकवते. बाळंतपणात पहाटे पहाटे मी तिच्या पायाला तेल लावायचे आणि ती झोपेचं सोंग घ्यायची. हे तिला माहीत नाही की मला माहीत आहे.

आज टपालानं बियांची पुडी आली. वर इंग्रजी. मी अंबूताईंना विचारलं काय लिहिलंय. चष्मा सापडत नाही म्हणाल्या. चष्मा डोक्यावर होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

परवा शिवरात्र, घर धुवायला काढलं. अंबूताई सुभाष रोडला बाजाराला गेल्या होत्या. म्हणलं, जाळीखालचं पण उरकून टाकू. काड्यांवर काळा चिकटा धरला होता, बघवेना. दारासमोरच्या परळातल्या पाचही काड्या उपसल्या, बादलीत टाकल्या, घासून लख्ख केल्या.

मग परत लावायला बसले. तीन इंग्रजी, त्या कशा वाचू. दोन मराठी, 'अंबूताई' आणि 'इंदुमती'. नाव वाचता आलं, झाड ओळखता आलं नाही. पाचही तेवढेच, तसेच गोल, तसेच पांढरे, प्रत्येकाला तोच आकडा काटा. दोन मिनिटं बघितलं. मग म्हणलं, मरू दे, सगळी सारखीच तर आहेत, कुणाला कळतंय. खुपसून टाकल्या. एक आकडा बोटात मोडला, तो अजून ठणकतोय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कळलं त्यांना. मी तयारीनं उभी होते, दोन बोलतील तर चार बोलीन म्हणून. त्या परळासमोर पाट घेऊन बसून राहिल्या. मग हळू विचारलं, तू आपणहून केलंस? मी सांगितलं नव्हतं ना? मी म्हणलं, नव्हतं. परत विचारलं. परत तेच सांगितलं.

"झालं तर मग," म्हणाल्या. "सांगून करवलेलं चालत नाही. ज्याचं त्याच्या हातानंच व्हायला लागतं."

आणि आत जाऊन स्वतः शिरा केला. मला वाढला. एवढी खूश झालेली बाई मी बघितली नव्हती. शिऱ्याबरोबर त्यांनी कच्ची मिरची चावून खाल्ली. ती सवय माझी आहे.

३ मार्च, सोमवार

डोकं दुखतंय आठवडाभर. अंबूताईंचा चष्मा खिडकीत पडला होता, गंमत म्हणून लावला. सगळं स्वच्छ दिसलं, आंब्याच्या मोहोरावरची माशीसुद्धा. डोकं थांबलं. त्यांनी मागितला नाही. त्या आता बिनचष्म्यानं तांदूळ निवडतात.

आज पायऱ्या उतरताना त्यांच्या मागून चालले होते. त्या डावा पाय जरा ओढत होत्या. शटरच्या वेळी माझा डावा गुडघा पण दुखावला होता. तसंच ओढते मी. ओढत होते. आज माझा दुखत नाही.

पाणी: दुसरी फळी, चार परळ.

८ मार्च, शनिवार

दुकानात गेले. विठ्ठलराव खुर्चीवरून उठून उभे राहिले. "बर्री, या या अंबूताई, आज स्वतः आलात?" मी म्हणलं, डोळ्यांत काय तेल घातलंय, मी इंदुमती. त्यांनी नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ओशाळून हसले आणि म्हणाले, लांबून वाटलं.

लांब कुठलं. मधे फक्त काउंटर होता.

१४ मार्च, शुक्रवार

कालच्या होळीचं पुरणाचं यंत्र जागेवर ठेवत होते. कपाटात खाली एक डायरी मिळाली. पहिल्या पानावर 'सुमन'. तीन वर्षांमागची. कुठल्या परळाला पाणी, मग भाऊ श्रीहरी, त्याची चार एकर, वहिनी कशी तोडून बोलते, लहानपणी दोघं विहिरीत पडले ते. तिच्यातही लाल रेघा. खालच्या शेऱ्यांचं अक्षर सुबक, फळ्यावर लिहिल्यासारखं.

आणि सुमनचं अक्षर गिचमिड, 'ण' चा पाय उलटा वळलेला. मी माझी डायरी काढून शेजारी ठेवली. 'आणखी लिही'. तोच 'ण'.

मग मी माझ्याखालच्या रेघा बघितल्या. पाण्याच्या नोंदीखाली एक नाही. करंगळीखाली आहे. वैशे याच्याखाली आहे, दोनदा. भरतातल्या कांद्याखाली, पायाच्या तेलाखाली, पाडव्याखाली.

म्हणजे घरात आहे ती सुमन. दसऱ्याला भावाबरोबर रिक्षात बसून गेली ती अंबूताई. निदान ती तरी अंबूताईच होती का, तिच्याआधी कोण, देव जाणे.

१५ मार्च, शनिवार

मला पोटात ठेवता येत नाही. सकाळीच तोंडावर विचारलं. तिनं नाकारलं नाही. मिश्री लावत बसली होती, थुंकून आली, म्हणाली, माझा सख्खा भाऊ दुसरीला घेऊन गेला, तो काय आंधळा होता?

मी म्हणलं, माझी पोर ओळखेल. नऊ महिने पोटात होती.

"मी पण असंच म्हणत होते," म्हणाली. मग परळाकडं हात केला. काड्या नीट लाव की, कोण नको म्हणतंय. दोघी इथं आहोत तोवर लावता येतात. ओळख तुझं झाड.

मी माझ्या काडीची एका इंग्रजी काडीशी अदलाबदल केली. मग संध्याकाळपर्यंत मला वैशालीचं नाव आठवलं नाही. कोणीतरी आहे एवढं आठवायचं. परत होत्या तशा लावल्या. पाच झाडं आहेत आणि त्यातली तीन कोणाचीच नाहीत. आंधळेपणानं काडी हलवायची नाही आता.

फुलाची वाट बघायची. गुलाबी ते माझं.

आणि ही डायरी भिजून गेली म्हणून सांगितलं. ती हसली. आता नसली तरी चालेल, म्हणाली, वाचायचं ते वाचून झालं. तांदळाच्या डब्यात ठेवते.

१६ मार्च, रविवार

वैशालीचा फोन आला. मीच घेतला, पळत जाऊन. वैशे म्हणलं. ती म्हणाली, नमस्कार अंबूताई, आईला देता का जरा?

मी बोलत राहिले. ती म्हणाली, ताई, आवाज तुटतोय, आईला द्या. मागून येऊन सुमननं फोन काढून घेतला. माझ्या आवाजात बोलली. माझ्यासारखीच तिरकी. बघू, म्हणाली. अगदी मी म्हणते तसं.

निघून जाऊ म्हणते. पण हे तोंड घेऊन कुठल्या दारात जाऊ? आणि काड्या तशाच सोडून निघाले तर संपलंच.

फोनचं काय, आवाज फसवतो. समोर आली की ओळखेल.

२२ मार्च, शनिवार

करंगळी सरळ झाली.

भांडी घासताना बघितलं. दुखलं नाही, काही नाही. सरळ, गोरी, नखावर खडू धरल्यासारखा पांढरा डाग. कुणाची तरी.

ती अंगणात वाळवण घालत होती. डावी करंगळी आकडा.

२६ मार्च, बुधवार

परवा कळ्या दिसल्या होत्या. पाचही गोळ्यांच्या डोक्यावर वेणी घातल्यासारख्या. बाहेरून सगळ्या मातकट, उमलल्याशिवाय रंग कळत नाही. मी तिथंच बसून राहिले दोन दिवस, जेवण पण तिथंच.

आज अंघोळीला गेले. दहा मिनिटं. आले तर चिमटा फळीवर आणि परळ बोडका. सगळ्या खुडल्या. बशीत गोळा करून ठेवल्यात, कचरा नको म्हणून. ही पण सवय माझी.

चार दिवस राहिले.

२८ मार्च, शुक्रवार

एक आहे.

भिंतीकडच्या झाडाला, खाली, लवेत बुडालेली. काडीवर 'अंबूताई'. तिला दिसली नाही. परळ मी हलवत नाही, बघत पण नाही त्या बाजूला. चष्मा पुसून ठेवलाय.

उद्या ऊन पडलं की उमलेल. गुलाबी निघालं तर लगेच काडी—

२९ मार्च, शनिवार

आभाळ आलंय. उनाशिवाय हे उमलत नाहीत.

थेंब पडले चार. मोहोर झडला.

कळी तशीच. नखानं उघडून बघावी वाटलं. मिटली तर? मोडली तर? हात बांधून बसले.

आत ती पिशवी भरतेय. माझी पिशवी. वळकटी.

३० मार्च, रविवार. पाडवा.

सकाळपासून ढग. गुढी तिनंच उभी केली. कडुनिंब आणि गूळ हातावर ठेवला माझ्या. गूळ कमी होता.

अकराला गाडी थांबली. वैशाली. मोरपंखी साडी, मीच दिलेली. मी कळीपाशी होते. अजून थोडं, अजून जरा ऊन— आलं नाही. उठून पुढच्या दाराकडं गेले तोवर वैशाली आत आली होती, सुमनच्या गळ्यात पडली होती. मी दारात उभी राहून ऐकलं.

"चुकलं माझं, आई."

म्हणाली. शेवटी म्हणाली ते. तिला.

मी पुढं झाले. वैशे, मी तुझी आई आहे, म्हणलं, ती नव्हे. करंगळी दाखवायला हात वर केला. सरळ. वैशालीनं माझ्याकडं बघितलं— किती वेळ? विठ्ठलरावांनी बघितलं तेवढासुद्धा नाही. सुमन म्हणाली, हल्ली ताईंना असं होतं, वय झालं. अनिकेतनी पिशवी उचलली. पायाचं तेल सांगणार होते, ती सोंग घ्यायची ते. तोंड उघडलं. ते तिनं आधीच सांगून टाकलं होतं, वैशाली रडत हसत होती.

मग वैशाली वाकली. माझ्या पाया पडली, डोकं टेकवून. जन्मल्यापासून कधी पडली नव्हती.

"अंबूताई, येते हं. आईला सांभाळलंत."

गाडीपर्यंत जाताना तिनं सुमनची करंगळी धरली होती.

३१ मार्च

ऊन. दुपारी उमललं.

काडीवर 'अंबूताई'. फूल गुलाबी.

काडी बदलली. माझी तिथं लावली. बसून राहिले संध्याकाळपर्यंत. करंगळी बघितली. काही नाही. ती इथं नाही ना. दोघी एका ठिकाणी पाहिजेत.

२ एप्रिल

वैशालीला फोन केला. अंबूताई, आई झोपलीय, म्हणाली. छान राहतेय. भरीत केलं होतं, बिनकांद्याचं.

माझी पोर. तिला झाड पण ओळखता आलं नाही, नाव पण नाही. कोणावर रागवू— मी तरी कुठं बघितलं होतं. दोन मिनिटं. मरू दे म्हणलं होतं.

५ एप्रिल

विठ्ठलराव येऊन गेले. ताई एकट्या पडल्या, म्हणाले, बाई बघू का तुमच्यासाठी? नको म्हणलं.

नको म्हणलं मी. लिहून ठेवते. नको म्हणलं.

७ एप्रिल

'इंदुमती' लिहायला घेतलं. हात आपोआप सुबक वळतो. फळ्यावर लिहिल्यासारखा.

इंग्रजी काड्या वाचता येतात आता. सगळ्या.

९ एप्रिल

फाटक वाजलं. विठ्ठलरावांनी पाठवलीच. दारात उभी आहे, काखेत वळकटी. पन्नाशीची असेल. मुलगा बेळगावला, सुमंत, आषाढात घ्यायला येतो म्हणालाय, हे तिनं न विचारताच सांगितलं. सरळ दिसते. खोलीला कडी आहे का विचारतेय.

परत पाठवणार आहे. दारातूनच. काही सांगायचं नाही, नुसतं जा म्हणायचं.

उन्हातून आलीय. पाणी देते आधी. पाणी पिऊन जाऊ दे.

आत आली. म्हणते, हे सगळे सारखेच की हो, ताई.

कपाटात एक कोरी डायरी आहे, ती नको. काडी धुतलेली आहे, ती पण नको— मुलगा येणारच आहे तिचा— आषाढाला तीन महिने— पेन्सिल कुठं ठेवली मी, आत्ता तर इथंच